चिनी रणगाड्याचं किट चांगलं की नुसतं देखणं, हे कसं ओळखायचं (उत्तर जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की टाईप ५९, ९६ए आणि ९९ए यातल्या एका रणगाड्याचं प्लास्टिकचं मॉडेल १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात, करायचंय, प्रत्येकाचे दोन-तीन कंपन्यांचे बॉक्स समोर आहेत, सगळ्यांवरची चित्रं भारी, सगळ्यांचे रिव्ह्यू "मस्त किट" म्हणतात, मग हजाराच्या वर पार्ट असलेलं घेतलं की झालं का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "कंपनीच चिनी आहे म्हटल्यावर आपल्याच देशाची गाडी ते चुकवणार नाहीत ना?" खरी गोम या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

चुकवू शकतात. आणि निष्काळजीपणाने नाही, बहुतेक वेळा त्यांना खरी गाडी धड बघायलाच मिळालेली नसते म्हणून. आपण "किट चांगलं आहे का" असं एका दमात विचारतो पण त्यात तीन वेगळे प्रश्न असतात. साच्याचं काम कसं आहे, म्हणजे पार्ट स्वच्छ, बारीक, सरळ आलेत का. आकार खऱ्या गाडीशी जुळतो का. आणि जोडताना पार्ट एकमेकांत बसतात का. जर्मन किंवा अमेरिकन रणगाड्यांच्या नव्या किटमध्ये हे तिन्ही बऱ्यापैकी एकत्र चालतं, कारण ती गाडी कुठल्यातरी म्युझियममध्ये उभी असते, कोणीही टेप घेऊन मोजून येतो. चिनी गाड्यांत हे तीन प्रश्न एकमेकांपासून फार लांब जातात. ट्रम्पेटर, हॉबी बॉस, ब्रोन्को, मेंग, पांडा हॉबी, टाकॉम, या कंपन्यांतल्या कोणाच्याही अलीकडच्या बॉक्समधला प्लास्टिकचा दर्जा बघून नाव ठेवायला जागा मिळणार नाही. पण इतका स्वच्छ पार्ट बघून माणूस गृहीत धरतो की आकारही बरोबरच असणार, आणि फसतो तो तिथेच.

आता कारण बघा. लष्कर काही मॉडेल कंपनीला ड्रॉइंग देत नाही, चालू सेवेतल्या रणगाड्याचं तर नाहीच नाही. मग कंपनीकडे असतं काय? परेडचे फोटो, टीव्हीवरची दृश्यं, प्रदर्शनं, म्युझियम. म्हणून मी चिनी गाडीचं किट हातात घेतलं की आधी दोन सालं शोधतो: साचा कधी बनला, आणि ती गाडी लोकांना जवळून कधी दिसली. ९९ कुळातली गाडी जगाने पहिल्यांदा नीट बघितली ती १ ऑक्टोबर १९९९ च्या बीजिंग परेडमध्ये, पन्नासाव्या राष्ट्रीय दिनाला. मग २००९ ची साठाव्या वर्षाची परेड. ९९ए अधिकृतपणे समोर आला ३ सप्टेंबर २०१५ च्या परेडमध्ये. हलका रणगाडा टाईप १५, म्हणजे झेडटीक्यू-१५, आला १ ऑक्टोबर २०१९ ला. आता ९९ए म्हणून विकलेल्या एखाद्या किटचा साचा २०१५ च्या आधीचा निघाला तर तो लांबून काढलेल्या, अर्धवट झाकलेल्या फोटोंवरून बनलाय हे समजून घ्यायचं. तो वाईटच असेल असं नाही, पण टरेटचे (म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचे) कोन, छतावरच्या पेट्या, मागचा भाग या सगळ्याकडे संशयानेच बघायचं.

नावांचा गोंधळ याच काळातला. ९९ए१, ९९ए२, ९९बी असली नावं लष्कराने देण्याआधी चाहत्यांनी पाडली आणि काही बॉक्सवर तीच छापली गेली, त्यामुळे बॉक्सवर ए दिसला म्हणजे आत २०१५ च्या परेडमधला ९९ए आहे असं अजिबात धरू नका. ९९ए चं टरेट वेगळंच आहे, आधीच्या ९९ वर चार पेट्या वाढवून ते होत नाही. चित्र नाही, स्प्रूवरचं (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरचं) टरेट बघा. आणि बॉक्स नवा म्हणजे साचा नवा असंही नसतं, एकाच हलचा (टरेटखालच्या धडाचा) स्प्रू तीन-चार बॉक्समध्ये फिरतो आणि प्रत्येकात एक नवा स्प्रू घालून नवं नाव देतात. यात फसवणूक नाही, धंदा असाच चालतो, पण तुम्हाला कळलं पाहिजे की तुम्ही नेमकं कुठल्या वर्षाचं काम घेताय. स्केलमेट्स या वेबसाइटवर प्रत्येक किटची वंशावळ बघायला मिळते, पाच मिनिटांचं काम आहे, करा.

टाईप ५९ ची गोष्ट बरोब्बर उलटी. तो सोव्हिएत टी-५४ए चा चिनी अवतार, इनर मंगोलियातल्या बाओतौच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या शेवटी बनायला लागला, मग हजारोंनी बनला आणि जगभर गेला. पाकिस्तानकडे होता, त्यातले १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत आपल्या हाती लागले आणि एक आजही तिथल्या स्मारकात उभा आहे. टाईप ६९ इराकने घेतले आणि १९९१ च्या युद्धात पाश्चात्य सैन्याच्या ताब्यात गेले. म्हणजे या दोन गाड्यांना हात लावून, टेप लावून बघितलेली माणसं भरपूर आहेत. इथे कंपनीने आकार चुकवला तर तिला सबब नाही. म्हणून माझा हिशोब असा की टाईप ५९ चं किट कडक तपासायचं, ९९ए चं किट जरा समजुतीने, आणि ९६ए मधोमध. ९६ए ला एक फायदा मिळाला, चिनी संघ २०१४ मध्ये रशियात अलाबिनोला टँक बायथलॉनसाठी (रणगाड्यांच्या शर्यत-नेमबाजीच्या स्पर्धेसाठी) हाच रणगाडा घेऊन गेला, आणि तिथे चिखलात, उड्या मारताना, खालून-वरून, सगळ्या बाजूंनी त्याचे फोटो निघाले. २०१६ ला ९६बी नेला होता तेव्हा तर पळता पळता त्याचं एक रोडव्हीलच (गाडीचं वजन पेलणारं खालचं चाक) निखळलं, त्याचेही फोटो गाजले. चिनी लोकांना ते आवडलं नसणार, मॉडेलवाल्यांना मात्र परेडमध्ये कधीच न दिसणारा सस्पेन्शनचा भाग बघायला मिळाला.

आता प्रत्यक्ष तपासणी. मी चाकांपासून सुरू करतो, लोक टरेटपासून करतात. कारण साधं आहे, टरेटमधली चूक पुट्टी लावून, घासून, आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीचे सुटे) पार्ट घेऊन काढता येते, चाकं चुकली तर ती दहा किंवा बारा असतात आणि सगळी गाडी त्यांच्यावरच उभी असते. टी-५४ कुळातलं रोडव्हील ८१० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे १/३५ मध्ये २३.१ मिमी यायला हवं. गाडीची रुंदी ३.२७ मीटर, म्हणजे सुमारे ९३.४ मिमी. तोफ सोडून हलची लांबी साधारण ६.०४ मीटर, म्हणजे १७२.६ मिमी. लांबीत एक मिलिमीटरचा फरक आला तर मी बघूनही न बघितल्यासारखं करतो, अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातो तो. तोच एक मिलिमीटर चाकाच्या व्यासात आला तर चार टक्क्यांच्या वर जातो आणि डोळ्याला खुपतो, का खुपतं ते सांगता येत नसलं तरी. त्यामुळे "किट एक मिमीने चुकलंय" असं कोणी लिहिलं की आधी विचारा, कशात?

९६ आणि ९९ची भरवशाची मापं हाताशी नसतात, मग काय करायचं? चाकच पट्टी म्हणून वापरायचं. गाडीचा अगदी बाजूने, लांबून काढलेला फोटो शोधा. फोटो कामाचा आहे की नाही हे ओळखायची खूण अशी की पहिलं आणि शेवटचं चाक सारख्याच मापाचं दिसलं पाहिजे आणि चाकं गोल दिसली पाहिजेत, अंड्यासारखी नाही. मग मोजा: पहिल्या धुरीपासून शेवटच्या धुरीपर्यंत किती चाकांचे व्यास मावतात, टरेटची उंची किती चाकं, टरेटच्या मागच्या टोकापासून तोफेच्या मुळापर्यंत किती. हेच किटच्या पार्टवर मोजा. गुणोत्तर जुळलं तर बाकीचं बहुतेक जुळतं. परेडचे फोटो इथे घात करतात हे लक्षात ठेवा, ते लांब लेन्सने समोरून तिरके काढलेले असतात, गाडी आखूड आणि बुटकी दिसते, आणि प्रदर्शनात मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचं नाक फुगतं. काही किट्सच्या टरेटचा आकार का बिघडला असेल याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं, शिल्पकाराने फोटो खरा मानला, लेन्स विसरला.

चाकांची मांडणी पण बघा. टाईप ५९ ला पाच रोडव्हील, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट. टाईप ६९ ला तसंच. लोक म्हणतात टाईप ६९ ही टी-६२ ची कॉपी आहे, चीनने १९६९ मध्ये सीमेवरच्या चकमकीत एक टी-६२ पकडला होता म्हणून, पण टी-६२ च्या मोठ्या फटी मागच्या चाकांमध्ये असतात, पुढे नाही. तेवढं बघितलं तरी वाद मिटतो. ९६ आणि ९९ ला सहा-सहा चाकं. टाईप ६२ हा हलका रणगाडा दिसायला टाईप ५९ चा धाकटा भाऊ, पण तोफ ८५ मिमीची आणि सगळंच लहान, त्यामुळे कोणी त्यात टाईप ५९ची चाकं घातली असतील तर लगेच कळतं. अजून एक, ज्या गाडीत टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगचं काम करणारे, पीळ खाणारे दांडे) हलच्या पूर्ण रुंदीत आडवे जातात तिथे डाव्या-उजव्या बाजूची चाकं तंतोतंत समोरासमोर नसतात, थोडी पुढेमागे असतात, कारण दोन बार एकाच जागी बसू शकत नाहीत. जुन्या किट्समध्ये, खासकरून मोटर घालायची सोय असलेल्या, हे सरळ गाळलेलं असायचं. किटचा तळ उलटा करून बघा, तिथे कंपनीने किती मनापासून काम केलंय ते कळतं, वरचं तर सगळेच नटवतात.

मोटरवरून आठवलं, ट्रम्पेटरचे सुरुवातीच्या काळातले टाईप ५९ आणि ६९ मोटरवर चालणारे होते. अजून कुठेतरी कपाटात सापडतात, स्वस्तात मिळतात, आणि लहान मुलाला द्यायला उत्तम. शेल्फवर ठेवायचं मॉडेल करायला घेऊ नका, हलमध्ये बॅटरीसाठी केलेल्या जागा आणि भोकं बुजवण्यातच उत्साह संपतो.

ट्रॅकबद्दल, म्हणजे चाकांभोवतीच्या पट्ट्याबद्दल, जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पार्ट काउंटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. टी-५४ च्या ट्रॅकला एका बाजूला ९० च्या आसपास कड्या. एकेक कडी वेगळी दिली तर दोन्ही बाजू मिळून १८०. फिरणारा ट्रॅक दिला आणि प्रत्येक कडी तीन तुकड्यांची असेल तर ५४० तुकडे झाले, आणि यात रणगाड्याचा अजून एक बोल्टसुद्धा आलेला नाही! म्हणजे बॉक्सवर "९०० पार्ट" लिहिलेलं असेल आणि त्यातले निम्म्याहून जास्त ट्रॅकचे असतील तर उरलेली गाडी तशी साधीच आहे. उलट रबरी पट्टीचा ट्रॅक देणारं, पार्ट कमी असलेलं किट तपशिलात सरस असू शकतं. संख्या बघू नका, पार्ट कशावर खर्च केलेत ते बघा.

आणि रबरी पट्टीचा ट्रॅक वाईटच असतो का? गाडीवर अवलंबून आहे. टाईप ५९, ६२, ६९ यांना वरचे रिटर्न रोलर (ट्रॅकचा वरचा भाग उचलून धरणारी छोटी चाकं) नाहीत, ट्रॅक आपल्या वजनाने झोळ पडून चाकांवर टेकतो, तीच त्या गाड्यांची ओळख. रबरी पट्टी तिथे ताठ राहते, चाकांच्या वर तरंगते आणि सगळी मजा जाते. या गाड्यांसाठी सुट्या कड्यांचा किंवा झोळासकट ओतलेला ट्रॅक हवाच हवा. ९६ आणि ९९ ला रिटर्न रोलर आहेत, वरचा बराचसा भाग साईड स्कर्टखाली (बाजूला लटकणाऱ्या पत्र्यांखाली) झाकला जातो, तिथे चांगली पट्टी चालून जाते आणि तुमचे दोन-तीन आठवडे वाचतात. फक्त जुनी विनाइलची पट्टी प्लास्टिकला चिकटून वर्षभर पडली असेल तर ती प्लास्टिक खाते, चाकाला वितळल्यासारखे चट्टे पडतात, म्हणून जुनं किट घेतलं तर बॉक्स उघडून ट्रॅक वेगळ्या पिशवीत आहे ना ते बघा.

टरेट आणि चिलखताच्या बाबतीत मी टेपपेक्षा डोळ्यावर विसंबतो. टाईप ५९ चं टरेट ओतीव, म्हणजे पृष्ठभाग थोडा खडबडीत, ओबडधोबड हवा, आणि वेल्डचा उंचवटा दिसला पाहिजे. अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत टरेट असेल तर ते तुम्हाला स्वतः पुट्टी आणि पातळ सिमेंट लावून खडबडीत करावं लागेल, कठीण नाही, पण किटने ते द्यायला हवं होतं. उलट ९६ आणि ९९ ची टरेटं पत्रे वेल्ड करून बनवलेली, तिथे सपाट भाग सपाट आणि कडा धारदार हव्यात. बोथट, गोलसर कडा असतील तर साचा थकलाय किंवा मूळ कामच ढिलं. ९६ए आणि ९९ च्या टरेटपुढे ते बाणाच्या टोकासारखं जोडलेलं चिलखत असतं, त्याचा कोन बरोबर आहे का हे समोरून आणि वरून, दोन्हीकडून बघा. एका बाजूने बरोबर आणि दुसऱ्या बाजूने चूक असेल तर कंपनीकडे वरून काढलेला फोटो नव्हता एवढाच अर्थ. रिॲक्टिव्ह चिलखताच्या (मारा झाला की स्वतः फुटून तो अडवणाऱ्या) विटांमधल्या रेघाही बघा. १/३५ मध्ये ०.३ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या गाडीवर एक सेंटीमीटरची फट, ती शोभते. अर्ध्या मिमीच्या वर गेली की विटा विखुरल्यासारख्या दिसतात. हेच जाडीला लागू. प्लास्टिकचा फेंडर एक मिमी जाड ठेवला तर तो खऱ्या मापात साडेतीन सेंटीमीटरचा लोखंडी ठोकळा होतो, खरा तर नुसता पत्रा असतो. चांगल्या किटमध्ये कडेला प्लास्टिक तासून पातळ केलेलं असतं, आतून जाड असलं तरी दिसणारी कड पातळ. कंपनीला काम येतं की नाही हे अशा कडांवरून समजतं.

तोफेची नळी दोन फाकांत असेल तर सांधा घासता घासता गोलाई जाते. एका तुकड्यात, मझलला (नळीच्या तोंडाला) भोक असलेली नळी आजकाल बहुतेक ठिकाणी मिळते. ते भोकही मोजा. १२५ मिमीच्या तोफेचं भोक साधारण ३.६ मिमी, १०५ चं बरोबर ३, टाईप ५९ च्या १०० मिमीचं २.९ च्या जवळ. टाईप ५९ ची १०० मिमीची नळी असेल तर धूर काढणारा फुगवटा मझलच्या टोकाला, ५९-२ ची १०५ मिमी असेल तर तो नळीच्या मधल्या भागात. बॉक्सवर एक नाव आणि आत दुसरी नळी असं स्प्रू वाटून घेतलेल्या किट्समध्ये होऊ शकतं, म्हणून बघून घ्या.

प्लास्टिकच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण ते कुठल्याही किटला सारखंच. स्प्रू उजेडात तिरका धरा, जाड भागांच्या मागे खळगे दिसतील. इजेक्टर पिनच्या (साच्यातून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या) गोल खुणा झाकल्या जाणाऱ्या बाजूला असतील तर सोडून द्या, हॅचच्या आतल्या बाजूला असतील आणि तुम्ही हॅच उघडी ठेवणार असाल तर त्या भरण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. हलचा वरचा आणि खालचा भाग गोंद न लावता टेपने जोडून बघा, काचेवर ठेवा, डुगडुगला तर पीळ आहे. फोटो-एच (कोरलेले पातळ पितळी पार्ट) किती दिलंय यावर भाळू नका, इंजिनच्या जाळ्या फोटो-एचमध्ये हव्यातच, पण प्लास्टिकमध्ये छान झाला असता असा प्रत्येक हँडल आणि क्लॅम्प पितळेत दिला तर ती सोय नाही, शिक्षा आहे.

तुम्ही झेडटीक्यू-१५ पण बघताय असं ओझरतं लिहिलंय म्हणून सांगतो, त्याचं सस्पेन्शन हायड्रोन्यूमॅटिक (तेल आणि वायूच्या दाबावर चालणारं) आहे, गाडी वर-खाली होते, म्हणजे किटची उंची फोटोशी जुळली नाही तर लगेच चूक म्हणू नका, तो फोटो वेगळ्या उंचीवरचा असू शकतो. त्याचा निर्यातीचा भाऊ व्हीटी-५ २०१६ च्या झुहाई प्रदर्शनात ठेवला होता, जवळून काढलेले फोटो त्याचेच जास्त फिरतात, आणि ते संदर्भ म्हणून वापरताना दोघं एकसारखे नाहीत हे डोक्यात ठेवा. चाकांच्या गाड्या आणि रॉकेट लाँचर हा वेगळाच विषय, फक्त एवढंच की लांबलचक चेसिस असेल तर सगळ्यात आधी ती सरळ आहे का बघा, आणि पीएचएल-०३ सारख्या लाँचरला ३०० मिमीच्या बारा नळ्या असतात, त्या दोन-दोन फाकांत दिल्या असतील तर चोवीस सांधे घासायची तयारी ठेवा.

डिकल्समध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांमध्ये) लाल तारा आणि त्यावरचं "आठ-एक" हे चिन्ह बघा, १ ऑगस्ट १९२७ च्या नानचांग उठावाची ती खूण. ताऱ्याभोवतीची पिवळी कड सगळीकडून सारख्या जाडीची हवी, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे गायब असेल तर छपाई सरकलीय, आणि मग टरेटवरचे आकडे पण तसेच असणार. रंगाच्या पानाला मी फारसं मानत नाही. परेडची गाडी नव्या नवरीसारखी रंगवलेली असते, सरावाच्या मैदानावरची वेगळी, आणि पिक्सेलच्या रंगसंगतीत दोन तुकड्यांत फरक असतोच. किट विकत घेताना हा मुद्दा शेवटचा, कारण डिकल आणि रंग बाहेरून घेता येतात, हल नाही.

रिव्ह्यूबद्दल एवढंच की "बॉक्स उघडून बघितला" वाला रिव्ह्यू फक्त साच्याबद्दल सांगू शकतो. आकाराबद्दल काही कळायचं तर त्याने खऱ्या गाडीच्या फोटोशेजारी पार्ट ठेवलेला असला पाहिजे, आणि जोडणीबद्दल कळायचं तर शेवटपर्यंत बांधलेला. शेवटपर्यंत बांधलेल्या रिव्ह्यूत "थोडी पुट्टी लागली" असं वाक्य कुठल्या सांध्याबद्दल आहे ते शोधा. हलच्या मागच्या पत्र्याजवळ असेल तर हरकत नाही, टरेटच्या चिलखताच्या सांध्यावर असेल तर विचार करा, तिथे पुट्टी घासताना शेजारचे बोल्ट आणि वेल्ड दोन्ही जातात.

तर तुमच्यासाठी, आत्तापर्यंत जे लिहिलंय त्यातून, पहिलंच चिनी किट असेल तर मी ९६ए सुचवेन. फोटो मुबलक, चाकं स्कर्टखाली अर्धी झाकलेली, ट्रॅकची डोकेदुखी कमी, टरेट सपाट पत्र्यांचं म्हणून दुरुस्त करायला सोपं. टाईप ५९ मनात भरलाच असेल तर सुट्या कड्यांचा ट्रॅक आणि खडबडीत टरेट या दोन गोष्टी बघून घ्या, बाकीचं तडजोडीत बसतं, आणि गाडी इतकी साधी आहे की वेदरिंग (चिखल, गंज, झीज दाखवणारं रंगकाम) शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ९९ए घ्यायचाच असेल तर साच्याचं साल २०१५ नंतरचं आहे याची खात्री करूनच घ्या, आणि तुम्ही प्रदर्शनात ठेवणार आहात की घरच्या शेल्फवर, हे मला माहीत नाही, त्यावर किती अचूक हवं ते ठरेल. शेल्फवरच्यासाठी टरेटचा कोन दोन अंशाने चुकला तर कोणाच्या बापाला कळत नाही, मजेत बांधा.

तुमच्या यादीतल्या दोन्ही ९९ए च्या बॉक्समधल्या स्प्रूचे फोटो मिळाले तर इथे टाका, टरेटचा वरचा भाग आणि एक रोडव्हील पट्टीशेजारी ठेवून काढलेला, एवढे दोन पुरेत. बॉक्सच्या चित्राचा फोटो नको, ते मी बघितलंय.